पानशेतच्या पुराची आठवण लिहिताना माहिती फार होते आणि अनुभव मागे राहतो, काय करावे?

जुना_ओटा

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकासाठी 'आयुष्याला वळण देणारा अनुभव' या विषयावर लेख मागवले आहेत. शब्दमर्यादा दीड हजारांची आहे. मला विषय शोधावा लागला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाच्या एका वाड्यात होते. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या मातीच्या भिंती भिजून बसल्या आणि बिऱ्हाड मोडले. त्यानंतर आम्ही थोडे दिवस एका नातेवाइकांकडे, मग एका शाळेच्या वर्गात आणि शेवटी गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या निसेन हटमध्ये राहिलो. माझे शिक्षण, माझ्या मैत्रिणी, पुढे नोकरी आणि लग्नसुद्धा या स्थलांतरातून आले, म्हणून विषयाला धरूनच आहे असे मला वाटते.

खर्डा लिहून झाला आहे, पण तो वाचून माझी मुलगी म्हणाली, "आई, सगळं आहे गं यात, पण तू कुठे आहेस?" तिचे म्हणणे मला पटले. पहिल्या दीड पानात आंबी नदी, पानशेतचे मातीचे धरण, काम पुरे होण्याआधीच पावसाळ्यात त्यात साठलेले पाणी, वाळूची पोती रचून धरण धरू पाहणारे जवान, त्यापाठोपाठ फुटलेले खडकवासल्याचे दगडी धरण, असे सगळे क्रमाने आले आहे. नंतर "पुणेकरांना पिण्याच्या पाण्याची तीव्र टंचाई सोसावी लागली" अशी वाक्ये आहेत. ती खरी आहेत, पण ती कोणीही लिहू शकेल.

माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा आठवणी थोड्या आहेत आणि त्या तुटक आहेत. चिखलातून काढलेला पितळी डबा वडिलांनी दगडाने ठोकून उघडला तेव्हा आतल्या मुगांना मोड आले होते आणि आई ते पाहून हसली होती. निसेन हटमध्ये भिंत आणि छप्पर मिळून एकच अर्धगोल कमान असे, त्यामुळे आईने खिळ्याला टांगलेली देवाची तसबीर भिंतीला टेकत नसे, ती अधांतरी लोंबे आणि दार उघडले की गिरकी घेई. अशा गोष्टी दीड हजार शब्दांच्या लेखात कितपत शोभतील, हे मला कळत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. मला आठवते की आम्ही माडीवर होतो आणि पाणी जिन्याची एकेक पायरी चढत होते. माझा थोरला भाऊ, जो तेव्हा तेरा वर्षांचा होता, ठामपणे सांगतो की पाणी चौकात शिरण्याआधीच आम्हाला मोती चौकाच्या बाजूला उंचावर हलवले होते आणि जिन्याची गोष्ट मी शेजारच्या काकूंकडून ऐकलेली आहे. दुसरी अडचण नाजूक आहे. ज्या नातेवाइकांकडे आम्ही प्रथम गेलो, त्यांनी थोड्याच दिवसांत आम्हाला "दुसरी सोय बघा" असे सांगितले. ते आज हयात नाहीत, पण त्यांची मुले आहेत, येणे-जाणे आहे आणि अंक त्यांच्या हाती पडणारच. हा प्रसंग गाळला तर शाळेच्या वर्गात आम्ही का गेलो हे कळत नाही. ज्यांनी असे लेखन केले आहे किंवा तपासले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुद्रितशोधक

जुना_ओटा ताई, दिवाळी अंकांसाठी आलेले आठवणींचे लेख मी बरीच वर्षे तपासत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

धरणाची दीड पाने एका वाक्यावर आणावीत. तुमचा अंक पुण्यातले ज्येष्ठ नागरिक वाचणार आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी तो पूर पाहिलेला असेल आणि उरलेल्यांनी घरात ऐकलेला असेल. "१२ जुलैला सकाळी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही गेला" एवढे त्यांना पुरते. मुळात आठ वर्षांच्या मुलीला त्या सकाळी आंबी नदीचे नावही माहीत नसणार. तिला काय माहीत होते? शाळेला जायचे की नाही, चहा झाला की नाही, मोठी माणसे एकाएकी मोठ्याने का बोलू लागली. लेखाची सुरुवात तिथून करावी, कारण वाचकाला त्या सकाळी उभे राहायला एक जागा लागते आणि ती जागा म्हणजे तुमची उंची आहे.

तुम्ही स्वतःच दिलेले पाण्याच्या टंचाईचे वाक्य पाहू. त्यात पुणेकर आहेत, टंचाई आहे, पण घागर कोणी उचलली हे नाही. शहराला पाणी खडकवासल्याहून येत असल्यामुळे धरण गेल्यावर नळ कोरडे पडले आणि वाड्यावाड्यांतले आड पुन्हा उपसले गेले. तुमच्या घरी पाणी कोण आणत असे? दोर कोणाचा होता? चिखल बसेपर्यंत पाणी ठेवून, निवळून, तुरटी फिरवून घेत होता की नाही? यातले जे आठवते तेवढेच लिहावे. जे आठवत नाही ते सुंदर वाक्याने भरून काढू नये, ते वाचकाला लगेच कळते.

आता मोड आलेल्या मुगांविषयी. ही गोष्ट शोभेल का, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे, पण माझ्या मते तुमचा लेख तीच आहे. सगळे घर गेल्यानंतर आई हसली, हे कोणत्याही बातमीत सापडणार नाही. मात्र त्यावर भाष्य करण्याचा मोह टाळावा. "त्या अंकुरांत मला जीवनाची जिद्द दिसली" असे वाक्य लिहिण्याचा धोका इथे फार मोठा आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या लेखात ते असते. आठ वर्षांच्या मुलीला त्यात जिद्द दिसलेली नसते. तिला बहुधा उसळ दिसलेली असते. त्या मुगांचे पुढे काय झाले, शिजवले की फेकले, ते लिहावे. पुराच्या पाण्यात बुडालेले अन्न खाऊ नये असे कोणी सांगितले असेल, तर तेही लिहावे. कोणाचे ऐकले आणि कोणाचे ऐकले नाही, यातून त्या वेळचे घर आपोआप उभे राहते.

तसबिरीची गोष्ट वेगळ्या कारणासाठी मोलाची आहे. निसेन हट कशी असते हे समजावून सांगायला तुम्हाला एरवी पाच ओळी लागल्या असत्या. टांगलेली तसबीर भिंतीला टेकत नाही म्हटले की वाचकाला घराचा आकारही कळतो आणि आईची अडचणही. आईने त्यावर काय उपाय केला, ते मात्र तुम्ही सांगितलेले नाही, आणि वाचक तिथेच थांबणार आहे.

शेवटची सूचना शब्दमर्यादेविषयी. दीड हजार शब्दांत पूर, नातेवाईक, शाळेचा वर्ग, गोखलेनगर, नोकरी आणि लग्न हे सगळे मावणार नाही. अनुभवाने आयुष्याला वळण दिले, म्हणजे वळणानंतरचा सगळा रस्ता दाखवायचा असे नव्हे. वळण निसेन हटच्या दारापाशी येते, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते, आणि माझ्या हातात लेख असता तर मी तो गोखलेनगरच्या पहिल्या काही दिवसांतच संपवला असता.

कसबेकर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. मी केवळ भावाबहिणीच्या मतभेदाविषयी आणि तपशिलांच्या पडताळणीविषयी लिहितो, कारण माझा तो छंद आहे.

पाणी एकाच वेळी सगळीकडे चढले नाही. पानशेतचे पाणी सकाळी आले आणि खडकवासला गेल्यावर लोंढा आणखी वाढला, त्यामुळे एकाच गल्लीतली एक घरे आधी रिकामी झाली आणि दुसऱ्या घरांतली माणसे वर अडकली, असे शक्य आहे. शिवाय पुरानंतर "पुन्हा पाणी आले" अशी आवई उठून लोक पुन्हा पळाले होते. तुमच्या भावाला आठवणारे उंचावर जाणे यांतले नेमके कोणते, हे त्यांना शांतपणे विचारून पाहा. हातात काही सामान होते का, पायांत चपला होत्या का, रस्ता कोरडा होता की चिखलाचा, असे बारीक प्रश्न विचारले की आठवण आपली जागा धरते. "तू चुकतोस" अशी सुरुवात केली, तर दोघेही आपापल्या पायरीवरून हलणार नाहीत. मोती चौकाचा उल्लेखही तपासून घ्यावा, कारण लहानपणी ऐकलेली चौकांची नावे पुढे सरमिसळ होतात.

तरीही मेळ बसला नाही, तर दोन्ही लिहावे. "मला जिना आठवतो, दादा म्हणतो की आम्ही तेव्हा तिथे नव्हतोच" एवढ्या एका ओळीने लेखाचा विश्वास वाढतो, कमी होत नाही. साठ वर्षांहून जुन्या आठवणीत काहीच संशयास्पद नसेल, तर मला तरी तीच गोष्ट संशयास्पद वाटते.

दुसरे असे की, आजचे पुणे नकळत त्या पुण्यात शिरते, तिकडे लक्ष असू द्यावे. भिडे पूल तेव्हा नव्हता आणि झेड ब्रिजही नव्हता, पण अलीकडच्या एका आठवणवजा लेखात भिडे पुलावरून पूर पाहणारी माणसे मला भेटली आहेत! नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून चलनात आले होते, तरी घरात आणे-चार आणेच बोलले जात. वजनमापे त्या सुमारास बदलत होती, त्यामुळे मदत म्हणून मिळालेले धान्य आई शेरात मोजत होती की किलोत, हे आठवत असेल तर अवश्य लिहावे. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते, त्यामुळे मोठ्या माणसांच्या बोलण्यात मुंबई सरकार हे शब्दही सवयीने येत असतील.

पडताळणीसाठी त्या आठवड्याची वर्तमानपत्रे पाहावीत. शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत जुन्या अंकांची चौकशी करता येते. १२ जुलै हा बुधवार होता. पण एक पथ्य पाळावे. आधी स्वतःचे लिहून काढावे आणि मगच वर्तमानपत्र उघडावे. क्रम उलटा झाला की छापील छायाचित्रे आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागतात आणि मग ती लेखातून बाहेर काढता येत नाहीत.

सिंहगड_रस्ता

मी पुढच्या पिढीचा वाचक म्हणून थोडक्यात लिहितो. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा माझ्या मावशीचे घर त्यात होते. धरणातून किती पाणी सोडले, हे आम्हाला त्या दिवशी मोबाइलवर दर तासाला कळत होते. त्यामुळे तुमच्या लेखात मला आकडे नकोतच. घरातून निघताना तुमच्या आईने काय उचलले आणि काय ठेवले, ते मला वाचायचे आहे. मावशीने फ्रिजवरची औषधे घेतली आणि दागिने विसरली.

निवृत्त_मराठी

जुना_ओटा, मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे 'आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' या विषयावरचे निबंध माझ्याइतके क्वचितच कोणी वाचले असतील. त्या निबंधांतून एक गोष्ट पक्की समजली. लिहिणाऱ्याची दोन वये एकाच वाक्यात आली की लेखन बिघडते. "आठ वर्षांची मी प्रशासनाच्या दिरंगाईकडे हताशपणे पाहत होते" या वाक्यात पाहणारी मुलगी आहे आणि शब्द मात्र आजच्या बाईंचे आहेत. दोघींनाही लेखात जागा आहे, पण एकीने पाहावे आणि दुसरीने, गरज असेल तिथेच, स्वतंत्र वाक्यात बोलावे.

नातेवाइकांच्या प्रसंगाला हीच गोष्ट लागू होते. त्या मुलीने काय पाहिले ते आधी लिहावे. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि वळकटी बांधू लागली, असे काही असेल. त्यावर आजच्या तुम्ही, ज्यांनी पुढे स्वतः संसार केला, एवढे सांगू शकता की त्यांचे घरही दोन खोल्यांचे होते आणि त्यांच्याकडे आधीच किती माणसे होती. हे त्यांना माफ करण्यासाठी लिहायचे नाही, ते खरे असेल तरच लिहायचे आहे. ते खरे नसेल, घर मोठे असेल आणि तरीही त्यांनी नाही म्हटले असेल, तर तसे एका सरळ वाक्यात लिहून पुढे जावे आणि विशेषणे गाळावीत. "निष्ठुर" हा शब्द वाचकाला सुचू द्यावा.

नाव तर घालूच नये, पण नातेही बदलू नये, असे माझे मत आहे. काकांचे मामा केले की आणखी कोणाच्या तरी मामांवर आळ येतो. "वडिलांच्या नात्यातले एक कुटुंब" इतके मोघम चालेल. अंक छापण्यापूर्वी तो परिच्छेद त्यांच्या मुलांपैकी ज्यांच्याशी तुमचे बरे आहे, त्यांना वाचून दाखवावा. परवानगी मागण्यासाठी नव्हे. त्यांच्या घरात ही गोष्ट कशी सांगितली जाते, हे तुम्हाला कधी कळलेच नसेल म्हणून.

मुद्रितशोधक यांच्याशी माझा एक मतभेद आहे. ते लेख गोखलेनगरच्या दारात थांबवायला सांगतात, पण तुमच्या पत्रातले "माझे शिक्षण, माझ्या मैत्रिणी, पुढे नोकरी" हे शब्द मला सोडवत नाहीत. वाड्यात राहिलेल्या मुलीला ज्या शेजारणी कधी मिळाल्या नसत्या, त्या वसाहतीत मिळाल्या असतील. पेठेत जातीपोटजातीने बसलेली बिऱ्हाडे तिथे एका रांगेत आली असतील. तसे असेल, तर वळण पुराने नव्हे, त्या रांगेने दिले आणि लेखाचे शेवटचे पाचशे शब्द तिच्यासाठी राखून ठेवावेत. लग्न मात्र गाळावे. त्याला स्वतंत्र लेख लागतो.

भाषेविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे, पण आई जे बोलली ते जसेच्या तसे बोलीत यावे. "दुसरी सोय बघा" हे तीन शब्द तुम्ही बदलले नाहीत, म्हणूनच ते मला इथे बसून ऐकू आले.

मुद्रितशोधक

निवृत्त_मराठी, रांगेचा मुद्दा मान्य आहे. मी लग्न आणि नोकरी पाहून कात्री चालवली, शेजार माझ्या लक्षात आला नाही. मग धरणाचे ते एक वाक्यही मध्यभागी न्यावे, म्हणजे शब्द वाचतील.

जुना_ओटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी लगेच तपासल्या. दादाला आपण सुचवल्याप्रमाणे "पायांत काय होते" असे विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की तो अनवाणी होता आणि रस्ता घोट्याइतक्या चिखलाचा होता. पाणी येण्याआधी रस्त्यावर एवढा चिखल असणे शक्य नाही, हे त्यालाही जाणवले. तरी माडीवरच्या माझ्या जिन्यावर त्याचा अजून विश्वास नाही. त्यामुळे दोन्ही लिहिणार आहे. चौकाच्या नावाबद्दलही तो आता "बहुधा" म्हणू लागला आहे, म्हणून ते नाव मी काढले आहे आणि फक्त "उंचावर" ठेवले आहे.

मूग खाल्ले नाहीत. पाण्यातले काही खाऊ नका असे लस टोचायला आलेल्यांनी सांगितले होते, म्हणून वडिलांनी ते टाकायला सांगितले आणि आजीने त्यावरून अबोला धरला. हे खर्ड्यात नव्हते, इथे लिहिताना आठवले. तसबिरीला आईने खालून दुसरी दोरी बांधून ती जमिनीवरच्या ट्रंकेच्या कडीला ताणून बसवली होती, त्यामुळे ट्रंक उघडायची झाली की आधी देव सोडावे लागत.

शेजाराबद्दल निवृत्त_मराठी यांनी अगदी बरोबर ओळखले. आमच्या एका बाजूला शिंप्याचे घर होते आणि दुसऱ्या बाजूला छापखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांचे. मी मशीनवर शिवायला त्या पहिल्या घरात शिकले आणि वाचायला मिळतील तेवढी पुस्तके दुसऱ्या घरातून आणली. वाड्यात असताना आईने मला या दोन्ही घरांत इतक्या मोकळेपणाने जाऊ दिले असते का, याबद्दल मला शंका आहे, आणि ती शंका मी लेखात तशीच लिहिणार आहे.

नातेवाइकांचा परिच्छेद अजून लिहिलेला नाही. त्यांच्या धाकट्या मुलीला या रविवारी भेटायला जाणार आहे. लेख गणपतीच्या आधी द्यायचा आहे. नवा खर्डा झाला की मधला भाग इथे देईन. शब्द दीड हजारांच्या वर गेलेले असणारच, तेव्हा कुठे कापावे ते कृपया निष्ठुरपणे सांगावे.